तबकडीत गाणं राहिलं, बोलणं कुठे गेलं?

पत्रिकेत आजचा विषय ‘मराठी रंगभूमीवरच्या जुन्या आवाजांचा शोध’ असा छापला आहे. विषय मोठा आहे आणि वेळ तासाभराचा, म्हणून मी एकच मुद्दा धरून बोलणार आहे. तो आधीच सांगून टाकतो, म्हणजे पटला नाही तर तुम्हाला सुरुवातीपासूनच भांडता येईल.

जुन्या संगीत नाटकाबद्दल आपण एक निकाल केव्हाच देऊन ठेवला आहे. तिथे गाणं होतं, नाटक फारसं नव्हतं. शालू नेसून केलेली मैफल, असंही कुणी गमतीनं म्हणतं. माझं म्हणणं असं की, हा निकाल देताना आपल्यासमोर जो पुरावा होता तो बहुतेक सगळा तबकड्यांचा होता, आणि तबकडीनं नाटकातलं फक्त गाणं उचललं होतं. बाकीचं तिनं उचललंच नाही. मग आपण म्हणालो, बाकीचं नव्हतंच. हे बरोबर आहे का, ते आज पाहू.

सुरुवात तारखांपासून करतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं १८८० साली, ‘सौभद्र’ १८८२ साली. अण्णासाहेब १८८५ मध्ये गेले. त्यांच्या मंडळीतले भाऊराव कोल्हटकर, लोकांचे लाडके ‘भावड्या’, १३ फेब्रुवारी १९०१ रोजी गेले. आणि ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग यंत्रसामग्री घेऊन कलकत्त्यात गाणी उतरवून घ्यायला बसला तो नोव्हेंबर १९०२ मध्ये. म्हणजे भाऊरावांचा आवाज आणि तबकडीचं यंत्र यांची चुकामूक पावणेदोन वर्षांनी झाली. कलकत्ता आणि महाराष्ट्र यांच्यातलं अंतर तर आणखी वेगळंच.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण जुना आवाज शोधणाऱ्यानं पहिलं काम कानानं करायचं नसतं, ते पंचांगानं करायचं असतं. उद्या तुमच्या फोनवर ‘भाऊराव कोल्हटकरांचा मूळ आवाज’ असं नाव लावलेली एखादी फाइल आली, तर ऐकण्याआधी विचारा, ही कुठल्या साली, कुठल्या यंत्रावर उतरवली? मेणाच्या नळकांड्यांवर आवाज घेणारी यंत्रं काही हौशी श्रीमंतांकडे त्याआधीही होती, हे खरं. पण मग ते नळकांडं कुणाकडे होतं, कुणाकडून कुणाकडे आलं, ही साखळी दाखवावी लागेल. नुसती खरखर म्हणजे पुरावा नाही. खरखर तर आता कुणीही घरबसल्या घालू शकतो. (हशा)

नावांचाही असाच घोळ. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. तेही रंगभूमीवर होते, हे अनेकांना ठाऊक नसतं. छोटा गंधर्व म्हणजे सौदागर गोरे. कुमार गंधर्व आणखी वेगळे, आणि त्यांनी तर बालगंधर्वांची पदं स्वतःच्या समजुतीनं गाऊन दाखवली. या चार गंधर्वांची गाणी फाइलींच्या जंगलात एकमेकांच्या नावावर फिरतात. शिवाय बालगंधर्वांची हुबेहूब नक्कल करणारे गायक दोन-तीन पिढ्या झाले. त्यांची गाणी मूळ म्हणून फिरतात, आणि त्यावरून ‘बालगंधर्व असे गात’ अशी मतं बनतात.

आता यंत्राकडे येऊ. १९२५ पर्यंत जगभर आवाज घेतला जायचा तो कर्ण्यातून. वीज नाही, मायक्रोफोन नाही. गायकानं कर्ण्याच्या तोंडाशी बसायचं आणि जोरात गायचं. आवाजाच्या धक्क्यानं पडदा हलायचा, पडद्याला जोडलेली सुई मेणावर रेघ कोरायची. त्या मेणाच्या साच्यावरून पुढे लाखेच्या तबकड्या निघायच्या, सुरुवातीला जर्मनीत हॅनोव्हरला, आणि १९०८ साली कलकत्त्यात सियालदाला कारखाना निघाल्यावर तिथे. गौहर जान गाणं संपता संपता इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, ते हॅनोव्हरच्या कामगारांसाठी. त्यांना बिचाऱ्यांना कुठलं गाणं कुणाचं ते कळणार कसं? आपल्याला तो नखरा वाटतो, पण ती खरं तर पार्सलावरची चिठ्ठी होती.

कर्ण्यातून काय यायचं? आवाजाचा मधला पट्टा. खालचा खर्ज विरायचा, वरची धार बोथट व्हायची. तबला दूर कुठेतरी ठकठकल्यासारखा. सारंगी असली तर असली. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा होते आणि सारंगीला कादरबक्ष. ज्यांची साथ ऐकायला लोक तिकीट काढायचे, ती माणसं त्या काळाच्या तबकडीत भिंतीपलीकडे बसल्यासारखी वाटतात. आणि वेळ किती? दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटं. ज्या पदाला रंगभूमीवर चार-चार वन्समोअर पडायचे, ते इथे तीन मिनिटांत गुंडाळायचं. अस्थाई, अंतरा, दोन ताना, संपलं.

म्हणजे तबकडी हा प्रयोगाचा तुकडा नाही. नटानं एका बंद खोलीत, प्रेक्षकाविना, कर्ण्याकडे तोंड करून, घड्याळाशी शर्यत लावत केलेलं ते वेगळंच काम आहे. त्याला त्याची स्वतःची किंमत आहे. पण ते प्रयोगाच्या जागी ठेवता येत नाही.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे संयुक्त ‘मानापमान’. ८ जुलै १९२१, मुंबई. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर उभे राहिले. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. तिकिटाचा वरचा दर शंभर रुपये, १९२१ चे शंभर रुपये. आणि तीन महिने व्हायच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ ला, केशवराव गेले. वय एकतीस. त्या रात्रीबद्दल आजही वाद होतो, की कोण सरस ठरलं? आणि मधूनमधून कुणीतरी हमखास विचारतं, त्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण कुठे मिळेल?

मिळणार नाही. हरवलं म्हणून नव्हे. कर्ण्याच्या यंत्राला भरल्या थिएटरात हिंडत-फिरत गाणारा नट टिपताच येत नव्हता. त्या रात्रीचा आवाज टिपणारं साधन त्या रात्री मुंबईत कुणाकडेही नव्हतं. हरवलेली वस्तू आणि कधी घडलीच नाही अशी वस्तू, यातला फरक शोधणाऱ्याला कळला पाहिजे. नाहीतर तो आयुष्यभर मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार पालथा घालत बसेल.

केशवरावांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघते. ते १९२१ साली गेले, म्हणजे त्यांचा जो काही आवाज उरला आहे तो सगळाच कर्ण्यातला. बालगंधर्वांचं तसं नाही. ते १९६७ पर्यंत होते. विजेवरचं ध्वनिमुद्रण आपल्याकडे विसाच्या दशकाच्या अखेरीस रुळलं, तेव्हा ते चाळिशीत होते. ‘स्वयंवर’ १९१६ सालचं. तेव्हा रुक्मिणी अठ्ठावीस वर्षांची होती. (हशा) म्हणजे जो आवाज स्पष्ट ऐकू येतो तो उतरत्या वयाकडे निघालेला, आणि जो ऐन भरातला तो धुक्यात. आता दोघांची तबकड्यांवरून तुलना करायची म्हटली, तर आपण काय तुलतो? एकाच्या बाजूला एक यंत्र, दुसऱ्याच्या बाजूला दोन यंत्रं आणि पन्नास वर्षं. अशा तराजूत वजन करून निकाल द्यायचा, आणि तो छातीठोकपणे द्यायचा, हे मला टीकाकाराचं काम वाटत नाही.

आता एक प्रयोग करू. कर्ण्याच्या काळातली एक तबकडी ऐकवतो. गाणारा स्त्रीपार्टी नट आहे. नाव मुद्दाम सांगत नाही.

(इथे ध्वनिमुद्रिकेचा काही भाग ऐकवला.)

काय वाटलं? बारीक, गोड, जरासा घाईतला आवाज. मागून कुणीतरी म्हणालं, ‘अगदी बाईच!’ बरं. आता तीच तबकडी थोड्या कमी वेगावर.

(तोच भाग पुन्हा ऐकवला.)

आता गळ्यात जरा छाती आली. ताना धावत होत्या त्या चालायला लागल्या. शब्दही मोकळे झाले. गाणारा तोच. झालं असं, की ‘७८ ची रेकॉर्ड’ हे नाव आपण नंतर सरसकट लावलं. सुरुवातीच्या काळात तबकड्या मिनिटाला सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कुठल्याही वेगानं कोरल्या जायच्या. ७४ फेऱ्यांवर कोरलेली तबकडी ७८ वर वाजवली, की सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानं चढतो. काळी दोनचा गायक पांढरी तीनचा होतो. पुरुषाचा आवाज बायकी व्हायला एवढं पुष्कळ झालं.

आणि हे नेमकं स्त्रीपार्टी नटांच्या बाबतीत आपल्या लक्षात येत नाही, कारण आपल्याला तो आवाज बायकीच हवा असतो! आख्यायिका तशी आहे ना. वाजवणाऱ्याच्या चुकीनं आख्यायिकेला दुजोरा मिळतो आणि आपण खूश होतो. ज्यांना वेग तपासायचा आहे त्यांच्यासाठी एक साधी खूण: गायकाचा षड्ज पेटीवर धरून बघा. तो दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये येत असेल तर शंका घ्या. जुन्या पेट्या आजच्या सुरात नव्हत्या, त्यामुळे ही खूण अंतिम नाही. पण व्यंजनांची घाई, कंपाची थरथर आणि षड्ज, या तिन्ही गोष्टी एकाच दिशेनं बोट दाखवायला लागल्या की बहुधा वेगच चुकलेला असतो.

इथवर गाण्याबद्दल झालं. आता मूळ मुद्दा, बोलण्याचा.

अमेरिकेत एडविन बूथ नावाचा मोठा शेक्सपिअरचा नट होऊन गेला. १८९० साली त्यानं मेणाच्या नळकांड्यावर ‘ऑथेल्लो’मधलं एक भाषण म्हणून ठेवलं. ऐकायला अतिशय अस्पष्ट आहे, पण आहे. नट बोलतो आहे. आता आपल्याकडे या. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं १८८३ साली. गणपतराव जोशींचा हॅम्लेट शाहूनगरवासी मंडळीत गाजला. ज्यांनी पाहिला त्यांनी भरभरून लिहिलं आहे. पण आवाज कसा होता? तो कुठे थांबत असे, कुठे चढत असे? वर्णनं वाचायची आणि मनात ऐकायचं. गणपतराव १९२२ मध्ये गेले, म्हणजे यंत्र येऊन वीस वर्षं झाली होती. भाऊरावांसारखी इथे चुकामूक नव्हती. यंत्र होतं, नट होता. कंपनीला गरज नव्हती. तबकडी विकली जायची ती गाण्यासाठी. जे पद लोकांनी नाटकात ऐकलं ते घरी पुन्हा ऐकायला लोक पैसे देत. तीन मिनिटांचं स्वगत कोण विकत घेणार?

हा धंद्याचा हिशेब होता, आणि त्यात गैर काही नव्हतं. पण त्या हिशेबाचं पुढे काय झालं बघा. गद्य मंडळ्यांचा आवाज जवळजवळ पुसला गेला. संगीत मंडळ्यांतलं गद्यही पुसलं गेलं. ‘एकच प्याला’मधल्या सिंधूची पदं घरोघर पोचली. पण पद सुरू होण्याआधी सिंधू सुधाकराशी जे बोलते, ज्या वाक्याच्या टोकावर पद उगवतं, ते वाक्य बालगंधर्व १९१९ साली कसं म्हणत, ते कुठल्याच तबकडीत नाही. पद आपल्याला सुटं मिळालं. सुटं ऐकून ऐकून आपल्याला ते सुटंच वाटायला लागलं. आणि मग आपण म्हणालो, काय हो, ही पदं नाटकात कुठेही चिकटवलेली असायची!

प्रामाणिकपणे सांगायचं तर, त्या काळातल्या लोकांनीही अति गाण्याबद्दल कुरकुर केलेली आहे. वन्समोअरपायी प्रयोग पहाटेपर्यंत लांबायचा, कथानक खोळंबायचं, हे खरं आहे. तो दोष मी नाकारत नाही. पण ‘गाणं जास्त झालं’ ही एक तक्रार आहे, आणि ‘नाटक नव्हतंच’ हा वेगळा निकाल आहे. पहिली प्रेक्षकांची आहे. दुसरा तबकड्या ऐकून वाढलेल्यांचा आहे.

असंच आणखी एका ठिकाणी झालं आहे, ते बायकांच्या बाबतीत. गोव्यातून आणि इकडूनही केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या निघाल्या होत्या. मोगूबाई कुर्डीकर लहानपणी चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत आणि मग सातारकर स्त्री संगीत मंडळीत काम करत. हिराबाई बडोदेकरांनी भावंडांबरोबर स्वतःची नाट्यशाखा काढली आणि रंगभूमीवर उभ्या राहिल्या. आज या दोघी आपल्याला ठाऊक आहेत त्या गायिका म्हणून. त्यांचं गाणं जपलं, ऐकलं, अभ्यासलं गेलं. नटी म्हणून त्यांचा आवाज कसा होता, हा प्रश्नच यादीत येत नाही. पुरुषानं केलेली सुभद्रा शोधायला शंभर माणसं निघतात. बाईनं केलेली सुभद्रा शोधायला किती निघतात, हे तुम्हीच मोजा.

मग बोलणं खरंच सगळं गेलं का? नाही. आपण ते चुकीच्या दुकानात शोधतो आहोत. ते तबकडीत नाही, बोलपटात आहे.

१९३२ सालचा ‘अयोध्येचा राजा’ घ्या. हरिश्चंद्र आहेत गोविंदराव टेंबे. जन्म १८८१. ‘मानापमान’च्या चाली यांच्या, आणि स्वतः रंगभूमीवर वावरलेले. तेव्हा पार्श्वगायन आलेलं नव्हतं. नट कॅमेऱ्यापुढे बोलत बोलतच गायला लागायचा, साथीदार कुठेतरी चौकटीबाहेर बसलेले. म्हणजे जे तबकडीनं तोडलं, बोलणं आणि गाणं यांच्यामधला सांधा, तो इथे शाबूत आहे. चित्रपट म्हणून आपण त्याच्या ट्रिकफोटोबद्दल, दुर्गा खोट्यांबद्दल बोलतो. रंगभूमीच्या आवाजाचा दस्तऐवज म्हणून तो कुणी फारसा ऐकत नाही.

१९३५ चा ‘धर्मात्मा’. बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेत, म्हणजे पुरुष वेषात, वय सत्तेचाळीस. ‘बालगंधर्व सिनेमात शोभले नाहीत’ असं म्हणून हा चित्रपट आपण बाजूला सारला. शोभले की नाही तो वाद नंतर घाला. आधी हे लक्षात घ्या, की इथे बालगंधर्व सलग बोलताना ऐकायला मिळतात. ज्या माणसाच्या गाण्यावर एवढी पुस्तकं, त्याच्या बोलण्यावर चार पानं तरी कुणी लिहावीत की नाही?

१९३७ चा ‘कुंकू’. काकासाहेब झालेले केशवराव दाते महाराष्ट्र नाटक मंडळीच्या गद्य परंपरेत घडलेले. ती परंपरा कशी बोलत होती, याचा थोडा तरी अंदाज इथे येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचा, १९३६ चा ‘संत तुकाराम’. विष्णुपंत पागनीस. हे मूळचे स्त्रीपार्टी नट, हे विसरून आपण त्यांना थेट तुकारामच करून टाकलं. आता पुन्हा ऐका. ते बोलतात आणि गातात यात उंबरठा नाही. वाक्य जिथे संपतं त्याच पट्टीत अभंग सुरू होतो, आणि अभंग संपला की त्याच श्वासात पुढचं वाक्य येतं. आवाज चढवून ‘आता गाणं हं’ अशी सूचना नाही. ही कला सिनेमानं शिकवलेली नाही. मराठी बोलपट तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. ती कुठून आली? ज्या रंगभूमीवर म्हणे नुसतं गाणं होतं, तिथूनच आली असणार. पागनीसांनी हे एकट्यानं शोधून काढलं असेल, असंही कुणी म्हणू शकेल. पण मग टेंब्यांच्या हरिश्चंद्रातही तोच सांधा का दिसतो, याचं उत्तर द्यावं लागेल.

हा कान तयार झाला, की मग परत तबकडीकडे वळा. तीच तीन मिनिटं वेगळी ऐकू येतात. बालगंधर्वांच्या पदात तान घेण्याआधी शब्द कसा पुरा केला आहे, एखाद्या संबोधनावर किंचित थबकून मग स्वर कसा लावला आहे, ते कळतं. ते थबकणं बोलणाऱ्याचं आहे. ‘स्वयंवर’च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बुवांची स्वतःची तबकडी आपल्यापर्यंत आलेली नाही, त्यामुळे शिष्याचा गळा हाच त्यांच्या तालमीचा उरलेला पुरावा. एका तबकडीत असे दोन-दोन माणसांचे माग असतात. पण ‘काय गोड आवाज!’ म्हणून थांबलो की दोन्ही निसटतात.

शेवटी थोडं व्यवहाराचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गावच्या घरी माळ्यावर तबकड्या असतील. त्या जुन्या ग्रामोफोनवर पोलादी पिन लावून वाजवू नका. प्रत्येक वेळी रेघ झिजते. म्हणून तर जी गाणी घराला सर्वांत आवडती होती, तीच सर्वांत खराब झालेली सापडतात. स्पिरिटनं पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आडव्या थप्पीत ठेवू नका, उभ्या ठेवा. लेबलाचा फोटो घ्या, आणि लेबलाच्या कडेला गुळगुळीत भागात कोरलेला क्रमांक असतो, तोही घ्या. तारीख ठरवायला तो क्रमांक नावापेक्षा जास्त उपयोगी पडतो. मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या सुरुवातीच्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची केली, ती अशाच क्रमांकांच्या आधारानं. मुंबईतल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनीही पदरमोड करून अशी कितीतरी माहिती जमवली आहे. आणि फाइल करताना खरखर काढण्याच्या नादात फार घासू नका. खरखरीबरोबर ‘स’ आणि ‘श’ जातात, आणि शब्द गेला तर नटापैकी काय उरलं?

तर माझी विनंती एवढीच आहे. आज रात्री ‘अयोध्येचा राजा’ लावा आणि पहिली पंधरा मिनिटं डोळे मिटून ऐका. मग ‘संत तुकाराम’मधला पागनीसांचा कुठलाही एक प्रसंग, तोही डोळे मिटून. आणि मग, हवं तर, जुन्या संगीत नाटकात अभिनय नव्हता असं म्हणा. म्हणायला माझी हरकत नाही. पण ते ऐकून म्हणा.